बाष्प

'बाष्प' या शब्दात वाफ आणि अश्रू एकत्र नांदतात. 'बाष्पगद्गद' शिकवताना अश्रू सहज समजावता येतात. वाफेचे मोल मात्र मला सागाच्या रानातल्या या किनवटात, शेजारच्या एका निवृत्त नौसैनिकाकडून कळले. ऐंशीच्या दशकात काका 'विक्रांत'च्या बॉयलरकक्षात होते.

त्यांच्या बोलण्यात समुद्र जवळपास नसतोच. असते ती काचनळीतली पाण्याची पातळी. पाणी घटले तर बॉयलरच्या नळ्या जळतात. फार वाढले तर ते वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरून पाती मोडते. धूर काळा झाला की भट्टीला हवा कमी पडली, पांढरा झाला की जास्त झाली.

डिसेंबर १९७१मध्ये 'विक्रांत'वरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. विमान झेपावणारे कॅटापल्ट वाफेचे, जहाजाची गतीही वाफेची. आणि चारांपैकी एका बॉयलरला तडे गेलेले. उरलेल्या तिघांवर ती मोहीम पार पडली. युद्धवर्णने मात्र डेकवरच थांबतात, खाली उतरत नाहीत.

'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, पुढे मोडीत निघाली. २०२२ची नवी 'विक्रांत' गॅस टर्बाइनवर चालते. काकांना आता ऐकू कमी येते. प्रश्न मोठ्याने विचारावे लागतात. श्रमाच्या साहित्यात आपण शेत आणि गिरणी मोजतो. जहाजाच्या पोटातला हा श्रमही शब्दांत यायचा असेल, तर तो सांगणाऱ्यांच्या हयातीतच लिहून घ्यायला हवा.