डोंगरावरचा निरोप्या

वीकेण्डला मावळात जाणारे पुष्कळ. पण सॅकमध्ये मॅगीच्या पाकिटांऐवजी मीटर, स्पॅनर आणि वीस मीटर केबल कोंबून जाणारे? अशाच एका टोळीबरोबर काढलेला एक शनिवार...

पहाटेची लोणावळा लोकल. शिवाजीनगरला डबा ट्रेकर्सनी फुल्ल. आमच्या तिघांच्या सॅक आणि माझ्या खांद्यावरचं जाडजूड काळं वेटोळं बघून समोरच्या पोराने विचारलं, ‘‘कुठला किल्ला, काका?’’

‘‘किल्ला नाही रे. आमचा निरोप्या आजारी आहे, त्याला बघायला चाललोय,’’ काका म्हणाले.

पोरगा गप्प. त्याला बहुतेक वाटलं, कुणीतरी खरंच सीरियस आहे.

काका म्हणजे आमच्या हॅम रेडिओ ग्रुपचे भीष्म पितामह. वय ७१, टेलिफोन खात्यातून रिटायर्ड. सोबत मी, आणि माझ्याच ऑफिसातली एक मैत्रीण. ती टेस्टिंग टीममध्ये आहे, म्हणजे लोकांच्या कामात चुका काढायचा पगार घेते. हॅमचा परवाना तिने नुकताच काढलाय. आणि निरोप्या म्हणजे आमचा रिपीटर. तो मावळातल्या एका डोंगरावर, देवळामागच्या खोलीत राहतो. डोंगराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तिथली बॅटरी एकदा चोरीला गेलीय, बॉस!

एक ऐकतो, एक बोलतो

हॅमच्या हातातला छोटा सेट जेमतेम पाच वॅटचा. त्याच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की संपलं, समोर टॉवरची सोसायटी आली की संपलं. म्हणून उंचावर रिपीटर बसवायचा. तो एका फ्रिक्वेन्सीवर तुमचं बोलणं ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, जास्त ताकदीने, सगळ्यांना ऐकवतो. आपल्याकडे हे बरंचसं १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या ‘दोन मीटर’ बँडवर चालतं, आणि दोन फ्रिक्वेन्सींमध्ये सहसा फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं.

उंचीचा हिशोब सोपा आहे. भोवतालच्या सपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, चारने गुणा. तेवढे किलोमीटर रेडिओचं क्षितिज. ४०० मीटर उंच डोंगर असेल तर ८० किलोमीटर. अर्थात मध्ये दुसरा डोंगर आडवा आला नाही तर. सह्याद्रीत तो येतोच!

पूर्वी हडपसरच्या बाल्कनीतून लोक या रिपीटरवर आरामात बोलायचे. गेल्या पावसाळ्यापासून आवाज खरखरायला लागला. या वर्षी तर हिंजवडीतूनही गच्चीवर चढायची वेळ आली. मग अमृततुल्यमध्ये मीटिंग. ग्रुपच्या फंडात पैसे साठलेले. बहुमत एकच: जुनं भंगार काढा, नवा कोरा डिजिटल रिपीटर घ्या. डिस्प्लेवाला, इंटरनेटला जोडता येणारा. मीसुद्धा हात वर केला होता.

काकांनी चहा संपवला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘जुलैत तो बंद पडला तर वर कोण जाणार? आणि काय घेऊन?’’

कुणीच बोलेना. म्हणून पैसे मोडायच्या आधी एकदा पेशंट तपासायचं ठरलं.

करवंदं, ताक आणि सहा डबे

कामशेतला उतरलो, वडापाव हाणला आणि पवनानगरच्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं. मे महिन्यातला मावळ म्हणजे पिवळं गवत आणि जाळीजाळीला काळी करवंदं. चढ एरवी तासाभराचा, काकांच्या गुडघ्यांमुळे दोन तासांचा. ते दर वळणावर थांबत आणि ‘‘व्ह्यू बघा, व्ह्यू!’’ म्हणत. व्ह्यू होताही तसाच. खाली पवनेचं पाणी, समोर तिकोना, पलीकडे तुंग, मागे लोहगड आणि विसापूर. पण ते व्ह्यूसाठी थांबत नव्हते, हे आम्हाला कळत होतं.

खोलीची किल्ली धनगरवाड्यातल्या मावशींकडे असते. त्यांनी आधी ताक दिलं, मग किल्ली. ‘‘मशीन आता बोलत न्हाई का वं?’’

‘‘बोलतंय मावशी, पण हळू.’’

आत काय असतं? एक लोखंडी कपाट. त्यात मोटोरोलाचे दोन जुने जीएम-३०० सेट. एक फक्त ऐकतो, दुसरा फक्त बोलतो. मध्ये एक छोटा कंट्रोलर, खाली बॅटरी, छतावर सोलर पॅनल. आणि कोपऱ्यात दुधाच्या कॅनसारखे सहा डबे. हा डुप्लेक्सर.

लग्नाच्या हॉलमध्ये बॅण्डवाल्याशेजारी बसून समोरच्या टोकाची कुजबुज ऐकायची, हे त्या ऐकणाऱ्या सेटचं काम. बोलणाऱ्या सेटचा गोंगाट त्याच्या कानात जाऊ न देता दोघांना एकच अँटेना वापरू देणं, हे डब्यांचं काम. बाजारात डुप्लेक्सरच्या छोट्या चपट्या पेट्याही मिळतात. पण त्या बहुतेक साडेचार-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी बनवलेल्या असतात, आपल्या ६०० किलोहर्ट्झला त्या पुरत नाहीत. स्वस्त दिसते म्हणून पेटी घ्यायची आणि रिपीटर बहिरा म्हणून बोंब मारायची, हा नव्या ग्रुप्सचा नेहमीचा किस्सा आहे.

‘‘आणि यातला एकही स्क्रू फिरवायचा नाही,’’ काकांनी दम दिला. ‘‘योग्य यंत्र आणि योग्य माणूस सोबत नसेल तर डुप्लेक्सरला हात लावणं म्हणजे घड्याळ हातोडीने दुरुस्त करणं.’’

मीटर झकास, आवाज भकास

तपासणी सुरू. अँटेनाऐवजी डमी लोड जोडला. हा ५० ओहमचा नुसता रोध, रेडिओची सगळी ताकद पिऊन गरम होणारा. पॉवर मीटर म्हणाला २० वॅट. म्हणजे रिपीटर ठणठणीत! मग नॅनोव्हीएनए बाहेर काढला. मोबाइलपेक्षा छोटं खेळणं, काही हजारांत येतं. केबल आणि अँटेना कशी आहे ते सांगतं. आकडा आला १.१.

हा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर. पाठवलेली ताकद अँटेनाकडून परत फिरतेय का, त्याचं प्रगतिपुस्तक. १ म्हणजे काहीच परत नाही. ३ झाला तर २५ टक्के ताकद परत. आम्हाला १.१! मी म्हटलं, ‘‘संपला विषय. अँटेना बेस्ट, पॉवर बेस्ट. म्हणजे ऐकणारा सेटच गेला. नवीन घ्यावा लागणार.’’

टेस्टरबाई खोलीच्या उंबऱ्यावर करवंदं खात बसल्या होत्या. तिथूनच प्रश्न आला, ‘‘निगेटिव्ह टेस्ट केली का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘अरे, मुद्दाम चूक करायची. वरची अँटेना काढून टाक. तरी मीटर ओरडला नाही, तर मीटरच्या ‘ओके’ला काय अर्थ आहे?’’

काका एवढे खूश झाले की त्यांनी तिला पूर्ण मान देत ‘‘या, बाई, या!’’ म्हटलं.

आमचा खांब तळाशी बिजागरीवर आहे. दोर सैल सोडत तो आडवा करता येतो, वर चढायची गरज नाही. गावातली दोन पोरं मदतीला आली. अँटेना काढली, खाली येऊन मोजलं. केबलचं टोक मोकळं, म्हणजे सगळी ताकद परत यायला हवी. आकडा आभाळाला भिडायला हवा.

आला १.५.

म्हणजे वर अँटेना असो नसो, मीटरला फारसा फरकच पडत नव्हता! कारण परत काही येतच नव्हतं. जाताना आणि येताना केबलच ताकद गिळत होती. काकांनी तिथेच गणित मांडलं. मोकळ्या टोकाला १.५ म्हणजे जाऊन-येऊन १४ डेसिबलची घट, एका बाजूने ७. वीस वॅट निघाले की अँटेनापर्यंत चार पोहोचणार. लोकांचा येणारा आवाजही तसाच, पाचातला एक भाग.

चाकूने केबलचं आवरण सोललं. आतल्या अल्युमिनियमच्या पत्र्याची पांढरी भुकटी झालेली, जाळी काळी पडलेली. टोक खाली धरलं तर पाण्याचे थेंब! वरच्या कनेक्टरवर साधी इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळली होती आणि ती सुटली होती. मागच्या वर्षी ती कुणी गुंडाळली? मी. शेवटची लोकल पकडायची घाई होती...

काका रागावले नाहीत. कपाटातून त्यांनी एक वही काढली. दर भेटीची तारीख, वॅट, बॅटरीचे व्होल्ट, एसडब्ल्यूआर. एसडब्ल्यूआरच्या रकान्यात १.४, मग १.३, मग १.१. ‘‘केबल म्हातारी होताना आकडा सुधारतो. आपोआप सुधारणाऱ्या आकड्यावर कधी विश्वास ठेवू नकोस. वही कुणी वाचत नाही, सगळे फक्त लिहितात.’’

तेव्हा कळलं, ते जड वेटोळं सकाळपासून माझ्याच खांद्यावर का होतं. मोबाइल टॉवरवर लागते तशी अर्धा इंची फीडर केबल, बाहेरून सलग तांब्याची नळी असलेली. जाळी आणि पत्रा एकमेकांना घासून रिपीटरमध्ये जी खरखर होते, ती हिच्यात होत नाही. टोकाला एन कनेक्टर, त्यावर आधी ताणली की एकजीव होणारी रबरी टेप, मग प्लॅस्टिकची. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. पुन्हा निगेटिव्ह टेस्ट केली, आकडा थेट १५! अँटेना जोडली, १.४. म्हणजे सकाळपेक्षा ‘वाईट’ मार्क, पण खरे.

खांब उभा केला. कॉल दिला. हडपसरची बाल्कनी स्वच्छ आली. खरखर नाही, काही नाही. मावशींनी दारातून विचारलं, ‘‘लागलं?’’

नवा रिपीटर? फंड शाबूत. त्यातून आधी दुसरी बॅटरी येणार. कारण २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मोबाइल असून नसल्यासारखे झाले होते. मोबाइलच्या टॉवरला वीजही लागते आणि पुढे जोडणारी लाइनही. आमच्या निरोप्याला फक्त स्वतःची बॅटरी लागते. नुसता ऐकत बसला तर तासाला अर्धा अँपिअर-अवर, बोलताना सहा. दिवसात दोन तास बोलणं धरलं तर जवळपास चोवीस. शंभरची बॅटरी म्हणजे जेमतेम चार दिवस. आणि मावळात जुलैत चार दिवस ऊन न दिसणं ही काही बातमी नाही!

उतरताना काकांनी वही माझ्या सॅकमध्ये टाकली. ‘‘पुढच्या मेपर्यंत माझे गुडघे काय म्हणतात कुणास ठाऊक. मी घरून ऐकेन.’’ लोकलमध्ये बसल्यावर मी आजचे आकडे लिहिले. शेवटचा रकाना होता, ‘काम कुणी केलं’. तिथे तीन नावं लिहिली. आणि घरी जाऊन वही पहिल्या पानापासून वाचून काढली.

तुम्हालाही ऑन एअर जायचंय?

● सेटचं बटण दाबण्याआधी परवाना हवा. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, वयाची अट फक्त १२ वर्षं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन ग्रेड. रिपीटर उभारायचा तर त्याची परवानगी वेगळी.

● ग्रुपने रिपीटरआधी चार गोष्टी घ्याव्यात: मल्टिमीटर, डमी लोड, पॉवर मीटर, नॅनोव्हीएनए. नॅनोव्हीएनए दरवेळी कॅलिब्रेट करा आणि त्यात सेटची पॉवर चुकूनही सोडू नका. क्षणात जळतो.

● रिपीटर निवडताना वॅटपेक्षा कान बघा. जास्त वॅट असून नीट ऐकू येत नसेल तर उपयोग शून्य. गाडीतले सेट सतत बोलण्यासाठी नसतात, म्हणून ते कमी पॉवरवर चालवा, पंखा लावा आणि कंट्रोलरमध्ये टाइम-आउट ठेवा.

● डिजिटल मस्तच, पण ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे तो सेट आहे का? साधं एफएम सगळ्यांकडे असतं.

● पावसाळ्याआधी एक फेरी सक्तीची: कनेक्टर, टेप, अर्थिंग, वीजरोधक, बॅटरी. आणि वही.

● ऑफिसची कामं हॅम रेडिओवर बोलायची नाहीत. नियमच आहे! यापेक्षा भारी वीकेण्ड कुठला?