पुढची खेळी

कथेत पुढे काय होणार हे आधीच ओळखता आले तर ती वाचकाची सरशी मानावी की कथेची हार मानावी, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेत फारशा मानाने विचारला जात नाही. तो रहस्यकथांच्या वाचकाचा प्रश्न समजला जातो. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि झुंजार आमच्या पिढीने अभ्यासाच्या पुस्तकाखाली लपवून वाचले आणि पुढे व्यासपीठावर चढल्यावर त्यांचे नाव घेण्याचे शिताफीने टाळले. 'पुढे काय?' या कुतूहलाला आम्ही बालिश ठरवले आणि 'कसे?' व 'का?' या प्रश्नांना प्रौढत्व बहाल केले. ही वाटणी मला अलीकडे तितकीशी निर्वेध वाटत नाही. याला निमित्त झाले ते जपानी चित्रकथांचे, म्हणजे 'मांगा'चे.

माझी पुतणी संख्याशास्त्र शिकते. तिने मला नोबुयुकी फुकुमोतो यांची 'काइजी' वाचायला लावली. १९९६ साली सुरू झालेली ही कथामाला जुगाराची आहे. पण तिचा आरंभ एका सहीने होतो. काइजी या रिकामटेकड्या तरुणाने एका सहकाऱ्याला जामीन राहून सही केलेली असते. सहकारी परागंदा होतो आणि तीन लाख येनांचे कर्ज अडतीस लाख पन्नास हजारांवर जाते. दरमहा वीस टक्के चक्रवाढीने चौदा महिन्यांत जवळजवळ एवढाच आकडा येतो, हे पुतणीने वहीच्या मागच्या पानावर करून दाखवले. या कर्जातून सुटण्यासाठी काइजी 'एस्पोआर' नावाच्या जहाजावर चढतो. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'आशा' असा होतो. तेथे दगड, कात्री, कागद हा पोरखेळ पत्त्यांनी खेळायचा असतो. प्रत्येकाला तिन्ही प्रकारची चार-चार पाने आणि तीन तारे मिळतात. पाने सगळी संपली पाहिजेत आणि अखेरीस हाती तीन तारे उरले पाहिजेत.

आम्ही दोघे एक खेळ खेळू लागलो. प्रत्येक निर्णायक वळणापाशी पुस्तक मिटायचे आणि पुढची खेळी वहीत लिहायची. तिच्या रकान्यात आकडेमोड असे, माझ्या रकान्यात स्वभावचित्रणाविषयी दोन वाक्ये. आश्चर्य असे की आमची अनुमाने वारंवार जुळत; कारण आम्ही दोघेही काइजीला किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याला वाचतच नव्हतो. आम्ही वाचत होतो फुकुमोतोंना. नायकाने आपला बेत आधी सविस्तर सांगितला तर तो फसणार आणि तो गप्प राहिला तर साधणार, हा अशा कथांचा अलिखित नियम आहे. जो बेत सांगून झाला तो पुन्हा घडताना दाखवण्यात कथेला रस नसतो. 'काइजी'त तर नायकाचे मन पानोपानी उघडे असते. त्याची भीती, घाम, हिशेब सारे आपल्याला ऐकू येते. ते मन एखाद्या चौकटीत अचानक बंद झाले की ओळखावे, काही शिजते आहे.

हे तंत्र जपान्यांनी शोधले असे मात्र नव्हे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त राक्षसाची मुद्रा हाती पडल्यावर चाणक्य आपल्या हस्तकाला पुढचे काम कानात सांगतो. रंगभूमीवर पात्र बोलत असते आणि प्रेक्षकाला काही कळत नाही. संस्कृत नाटकातला हा साधा रंगसंकेत वर्गात शिकवताना मी वर्षानुवर्षे घाईने ओलांडत आलो. मांगातल्या त्या बंद चौकटीने त्याचे मोल माझ्यापुढे नव्याने ठेवले.

या कथामालेत एक पत्त्यांचा डाव आहे, त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. एका बाजूला एक सम्राट आणि चार नागरिक, दुसऱ्या बाजूला एक गुलाम आणि चार नागरिक. सम्राट नागरिकाला मारतो, नागरिक गुलामाला, आणि ज्याला गमावण्यासारखे काही उरलेले नाही तो गुलाम सम्राटाला. दोघांनीही डोळे मिटून पाने टाकली तर गुलामाची बाजू पाचांत एकदा जिंकेल; म्हणूनच तिच्या विजयाला पाचपट मोल ठेवलेले असते. पुतणीचे म्हणणे असे की येथे सर्वोत्तम डावपेच म्हणजे कोणताच डावपेच न करणे. फॉन नॉयमन यांनी १९२८ साली सिद्ध केलेल्या प्रमेयाचा हवाला देऊन ती म्हणाली, "काका, मी फासा टाकून पान ठरवलं, तर माझं मन कुणाला वाचताच येणार नाही. वाचायला तिथे मनच नसेल."

गणित म्हणून हे बिनतोड आहे. पण फासा टाकणाऱ्या माणसाची कथा होत नाही. म्हणून फुकुमोतो मन परत आणतात. तोनेगावा हा प्रतिस्पर्धी काइजीच्या कानात बसवलेल्या यंत्रावरून त्याच्या नाडीचे ठोके चोरून वाचत असतो. हे उमगल्यावर काइजी स्वतःचा कान कापतो. शेवटच्या डावात पत्त्यावरच्या रक्ताच्या डागावरून तोनेगावा एक अनुमान काढतो, मग त्यामागे दडलेला डाव ओळखल्याच्या आनंदात सम्राट टाकतो आणि गुलामाच्या तोंडी जातो. काइजीने बाजी लावली ती पत्त्यावर नव्हे, समोरच्या माणसाच्या हुशारीवर. मूर्ख मनुष्य त्या ठिकाणी वाचला असता. एडगर ॲलन पो यांच्या १८४४च्या 'द पर्लॉइन्ड लेटर' या कथेतला गोट्या जिंकणारा मुलगाही एकी-बेकीच्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या अकलेची पातळी मोजूनच जिंकतो. किती पायऱ्या खाली उतरायचे हे ज्याला नेमके कळले तो जिंकला; एक पायरी जास्त उतरणाराही हरतो.

शिनोबू काइतानी यांची 'लायर गेम' (२००५-२०१५) अधिक कोरडी आणि म्हणून गणिताला अधिक जवळची. तीत बावीस जणांचा एक खेळ आहे. प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' उत्तर द्यायचे आणि जे अल्पमतात येतील तेच पुढे जाणार. आकियामा आठ जणांचा गट बांधतो. दर वेळी निम्म्यांनी 'होय' म्हणायचे, निम्म्यांनी 'नाही'. बाविसांतले अल्पमत फार तर दहांचे, दहांतले चारांचे, चारांतले एकाचे. आणि गटातले आठांचे चार, चारांचे दोन, दोहोंचा एक होत अखेरचा माणूस आपलाच उरतो. पुतणीने हा बेत आकियामाच्या आधी वहीत मांडला होता. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला तो कवितेची ओळ उमगलेल्या विद्यार्थ्याच्या आनंदाहून कमी प्रतीचा होता असे मी म्हणू धजणार नाही. पण बेत इतका निर्दोष असेल तर तो दुसऱ्या कुणालाही सुचेल, हे तिने लिहिले नव्हते. कलाटणी नेमकी तेथेच होती.

तरीही या दोन्ही कथामालांतली जी वळणे माझ्या मनात राहिली ती यांपैकी नव्हेत. जहाजावर काइजी आपल्या दोन साथीदारांवर विसंबून स्वतःला हरू देतो आणि ते त्याला दगा देतात. हे कोणीही ओळखेल. आमच्या दोन्ही रकान्यांत तेच होते. पण त्यानंतर हाती उरलेला तारा तो एका तिसऱ्याच, तसाच फसवल्या गेलेल्या माणसासाठी खर्च करतो. 'लायर गेम'मधली नाओ जिंकलेले पैसे हरलेल्यांचे कर्ज फिटावे म्हणून पुढे करते. पुतणी यावर चिडली. तिच्या मते हा लेखकाचा हळवेपणा होता. ज्या खेळात प्रत्येक चालीला कारण आहे तेथे ही चाल अकारण होती. मी चाणक्याचे उदाहरण दिले. त्याचा सारा व्यूह एका गृहीतावर उभा आहे: मित्र चंदनदास वधस्तंभाकडे निघाला आहे हे कळताच राक्षस स्वतःहून येऊन स्वाधीन होईल. तोनेगावाला हरवायला त्याची धूर्तता ओळखावी लागली, राक्षसाला जिंकायला त्याचा चांगुलपणा. तेव्हा चांगुलपणाचेही भाकीत करता येते, तो गणिताबाहेर नाही. "मग तो भाबडेपणाच झाला की," ती म्हणाली, "समोरच्याला आधीच माहीत असलेला."

तिला उत्तर म्हणून मी जे सांगितले ते उत्तर होते की नाही, कोण जाणे. मी शाळेत असताना माझे वडील एका स्नेह्याला जामीन राहिले. सही करण्याच्या आदल्या रात्री आई त्यांना म्हणाली, "हा माणूस फेडायचा नाही." वडील म्हणाले, "ठाऊक आहे." भाकितात दोघांचे एकमत होते. सकाळी वडिलांनी जाऊन सही केली. स्नेह्याने तीन हप्ते भरले आणि गाव सोडले. पुढची सहा वर्षे वडिलांच्या पगारातून कपात होत राहिली आणि आईच्या पाटल्या गेल्या त्या परत आल्या नाहीत.

पुतणीने विचारले, मग सही केली कशाला? मी म्हटले, तुझ्या आजोबांचे मन कधी बंद चौकटीत नव्हते. जे होते ते त्यांनी त्याच रात्री सांगून टाकले होते. तिने त्याची नोंद केली नाही. मात्र त्या स्नेह्याची बायको गावातच मागे राहिली होती, हे ऐकल्यावर तिने आजीचे पुढे काय झाले ते विचारले. काही नाही. दर संक्रांतीला आई तिला तिळगूळ द्यायला जात असे, आणि पाटल्यांचा विषय दोघींपैकी कोणी काढत नसे.