दोन पाट्या

आमच्या चर्चच्या फाट्यावर बसथांब्याची एक शेड आहे. शेड म्हणावे असे तिच्यात फारसे काही नव्हते. चार लोखंडी खांब, वर सिमेंटचे पत्रे, मागे विटांची भिंत आणि भिंतीला लागून एक ओबडधोबड बाक. खासगी शिकवण्यांची आणि निवडणुकीतल्या उमेदवारांची भित्तिपत्रके एकावर एक चिकटून त्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा जाड थर जमला होता, आणि दोन्ही कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगले होते. या धर्मग्रामात आल्यापासून आम्ही दिवसातून दोनतीनदा स्कूटरवरून तिच्यासमोरून जात होतो. तिच्याकडे थांबून पाहावे असे आम्हाला कधी वाटले नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

धर्मग्रामाच्या महोत्सवाचे वर्ष जवळ आले तेव्हा स्मरणार्थ काय उभारावे, यावर पॅरिश कौन्सिलमध्ये खल सुरू झाला. कोणी कमान सुचवली, कोणी मनोऱ्यावरचे घड्याळ. एका तरुण सभासदाने भीतभीतच म्हटले, ‘आपल्या हद्दीत तीन थांबे आहेत. एखाद्या चांगल्या चित्रकाराकडून ते का सजवून घेऊ नयेत?’ सभेत हशा पिकला. आम्ही मात्र हसलो नाही, कारण आम्हाला क्रुमबाख आठवले.

वाचकांना ठाऊकच आहे की युरोपातील धर्मगुरू उन्हाळ्यात रजेवर जातात तेव्हा त्यांच्या जागी काम करायला आपल्याकडचे काही धर्मगुरू जातात. २०१६ साली आम्ही असेच ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, फोरार्लबर्ग प्रांतात महिनाभर होतो. त्या डोंगराळ मुलखात क्रुमबाख नावाचे जेमतेम हजार वस्तीचे गाव आहे. या गावाने २०१४ साली एक विलक्षण उद्योग केला. आपल्या सात बसथांब्यांसाठी जगभरातून सात वास्तुशिल्पी बोलावले. जपानचे सौ फुजिमोतो, चीनचे वांग शू, चिलीचे स्मिल्यान रादिच, रशियाचे अलेक्झांडर ब्रोद्स्की अशी ती मोठमोठी नावे. मानधन म्हणून त्यांना काही दिले नाही. त्या रम्य परिसरात येऊन सुट्टी घालवा, एवढाच मोबदला! बांधकाम मात्र गावच्या आणि आसपासच्या कारागिरांनी केले, आणि तिकडचे सुतारकाम पाहून आपल्या वसईच्या जुन्या घरांतल्या सुतारांची आठवण व्हावी असे ते आहे.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही ते थांबे पाहत हिंडलो. रादिच यांनी तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरातली बैठकीची खोलीच जणू उचलून रस्त्याकडेला आणून ठेवली आहे. भोवती काच, वर काळ्या काँक्रीटचे चौकटीचौकटींचे छत, आत गावठी लाकडी खुर्च्या आणि बाहेर पाखरांसाठी एक घरटे. टेनिसच्या मैदानालगतचा थांबा असा रचला आहे की एका अंगाने बसची वाट पाहावी आणि दुसऱ्या अंगाने खेळ. वांग शू यांच्या थांब्यात बसले की समोरचा डोंगर चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. उरलेल्यांविषयी लिहीत नाही; फुजिमोतो यांच्या थांब्याविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. उंच, बारीक पोलादी काठ्यांचे एक रान आणि त्यातून वर चढत जाणारा जिना. दिसायला अतिशय सुंदर! आम्ही त्याच्याकडे मान वर करून पाहत असतानाच आल्प्समधली सर आली, आणि त्याला छप्परच नाही हे आमच्या ध्यानात आले. आम्ही नखशिखांत भिजलो. बस मात्र घड्याळाच्या काट्यावर आली, म्हणून फार काळ भिजावे लागले नाही. जेथे बस वेळेवर येते तेथे थांब्याला छप्पर नसले तरी एक वेळ चालते. आमच्या फाट्यावर ते चालणार नाही.

असे असले तरी त्या गावाचा आम्हाला मनापासून हेवा वाटला. जेथे माणसे केवळ खोळंबून उभी असतात अशा जागेसाठी कोणी उत्तम कलावंत शोधावा, ही कल्पनाच आम्हाला मोह घालणारी होती. जपानमध्ये नागासाकी प्रांतातल्या कोनागाई गावी १९९० साली स्ट्रॉबेरी, कलिंगड, टोमॅटो अशा फळांच्या आकाराचे सोळा थांबे उभारले आहेत, हे आम्ही सभेत सांगितले. तेव्हा एक वडीलधारे सभासद म्हणाले, ‘फादर, मग आपण केळ्याचा घड करू या!’ या वेळी आम्हीही हसलो, आणि ठराव मंजूर झाला.

पुढचे सात महिने परवानगीत गेले. ज्या कार्यालयात अर्ज दिला त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तेथील आवक नोंदवहीत अर्ज शिरला आणि बराच काळ तेथेच विसावला. दरम्यान चित्र कशाचे असावे यावर सभा होत राहिल्या. बहुतेकांना पवित्र मरियेचे मोठे चित्र हवे होते. थांब्यावर आदिवासी, हिंदू, मुसलमान शेजारीही उभे राहतात, याची आठवण आम्ही करून दिली. तेव्हा एकाने तोडगा काढला. इमारतींच्या जिन्यात लावतात तशा फरशा लावाव्यात, एक मरियेची, एक गणपतीची, एक मक्केची. म्हणजे कोणी थुंकणारही नाही. सूचना व्यवहारी होती. पण त्या रात्री ती आमच्या मनातून जाईना. देवाला आपण भिंतीचा राखणदार नेमतो, आणि ज्याला राखणदार नेमला त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. सहाशेच्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी मार्सेच्या बिशपांना कळवले होते की ज्यांना वाचता येत नाही त्यांनी भिंतीवरील चित्रांतून वाचावे. सेमिनरीत आम्ही हे पाठ केले होते. थुंकी आवरण्यासाठी चित्र, असे काही त्या पत्रात नव्हते.

मानधनाचा प्रश्नही निघाला. चर्चच्या कामाला पैसे कसले, असे एकदोघांनी विचारले. क्रुमबाखचा दाखला आम्हीच दिला होता, तो आता आमच्यावरच उलटला. आम्ही म्हटले, ते जगद्विख्यात लोक होते, त्यांना आठवडाभराची सुट्टी परवडते. आपल्या चित्रकाराला खोलीचे भाडे द्यायचे असते. कलावंतांच्या बाबतीत आपल्या समाजाचा हात तसा आखडताच राहिला आहे. गोव्याच्या सांत इस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा त्यांच्या वाट्याला स्वकीयांची टीकाच आली, आणि पुण्याला अँग्लिकन पंथीयांच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला. आज त्यांची चित्रे आपण अभिमानाने दाखवतो.

चित्रकार मिळाला तो कलामहाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला, अबोल मुलगा. त्याने रेखाटने आणण्याऐवजी आठ दिवस मागितले आणि पहाटे साडेचारपासून थांब्यावर जाऊन बसू लागला. नवव्या दिवशी तो आमच्याकडे आला. त्याच्या वहीत एक चित्र होते, पण त्याआधी त्याने भिंतीचा एक नकाशा उघडला. त्यात चित्राच्या एका बाजूला कडप्प्याच्या दोन फळ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या होत्या, एक सव्वाचार फुटांवर आणि दुसरी पावणेचार.

‘हे काय?’ आम्ही विचारले.

‘पाट्यांसाठी, फादर. भाजीवाल्या आणि मासळीवाल्या मावश्या बाकावर बसतच नाहीत. पाटी एकदा जमिनीवर ठेवली की परत डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. बस आली की सगळ्या एकमेकींना हाका मारतात, आणि शेवटी जी उरते तिला उचलू लागणारे कोणीच नसते. फळी खांद्याच्या उंचीवर असली तर तिला एकटीला सरकवून घेता येईल. मी सगळ्यांची उंची खडूने भिंतीवर मांडून घेतली आहे.’

केरळातल्या जुन्या रस्त्यांच्या कडेला दोन उभ्या शिळांवर एक आडवी शिळा ठेवलेली आम्ही पाहिली होती. तिला तिकडे चुमडुतांगी किंवा अत्ताणी म्हणतात. ओझेकऱ्याने कोणाच्याही मदतीवाचून डोक्यावरचा भार उतरवावा आणि परत घ्यावा, यासाठी ती असते. या मुलाने ती कधी पाहिली नव्हती. आठ दिवस बसून त्याला ती सुचली होती.

आम्ही त्याला नाही म्हटले. कारण साधे होते. त्या जागी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसायची होती. आखातात नोकरीला असलेल्या एका कुटुंबाने तिन्ही शेडांचा बहुतेक खर्च उचलला होता, आणि वडिलांचे नाव येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल अशा उंचीवर असावे, एवढीच त्यांची अट होती. ती अवाजवी होती असे आम्ही आजही म्हणत नाही. आमच्या चर्चमधले बाक, घंटा, खिडक्यांच्या काचा अशाच नावांनी भरल्या आहेत. मुलगा वाद न घालता निघून गेला.

जे आठवू नये असे आम्ही पस्तीस वर्षे ठरवले होते ते त्या रात्री आठवले. जून १९८९. गोरेगावच्या सेमिनरीत दाखल होण्यासाठी आम्ही पहाटेच्या एस.टी.ने निघालो होतो. आई त्याच बसने स्टेशनवर आणि तेथून गाडीने मुंबईला भाजी विकायला जाणार होती, रोजच्यासारखी. थांब्याला तेव्हा शेड नव्हती. पाऊस पडत होता. लाल लुगड्याचा ओचा वर खोचून, डोक्यावर चुंबळ ठेवून ती पाटीशी वाकली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, ‘जरा हात लाव रे.’ आमच्या अंगावर नवी पांढरी पँट होती. पाटीतून चिखलाचे पाणी ठिबकत होते. शेजारी त्याच दिवशी सेमिनरीत निघालेली दोन मुले आणि त्यांचे शिकलेले वडील उभे होते. आम्ही ऐकलेच नाही असे दाखवले आणि बसमध्ये चढलो. पाटी कोणी उचलू लागले ते आम्ही पाहिले नाही. आई चढली, कंडक्टरकडून पाटीचे लगेज काढले, आणि स्टेशनवर उतरताना आमच्या कपाळावर क्रूस काढून गर्दीत शिरली. पुढे त्याविषयी ती कधी बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. आमच्या गुरुदीक्षेच्या दिवशी ती पहिल्या बाकावर बसली होती, आणि आमच्या हातांना तेल लावले जात असताना ती त्याच हातांकडे पाहत होती, असे आम्हाला त्या वेळी वाटले होते. तो आमच्याच मनाचा खेळ असेल.

सकाळी आम्ही चित्रकाराला फोन केला, आणि मग आखातात. त्या कुटुंबातील वडीलभावाला सगळे सांगितले, आईचा प्रसंग सोडून. पाटी बाकाच्या खाली किंवा चर्चच्या आवारात बसवू, असे विनवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘फादर, तुमचा निर्णय आम्हाला मान्य आहे, पण मग आमचे पैसे दुसऱ्या कामाला लावा.’ ते पैसे स्मशानभूमीच्या कुंपणाला लागले, आणि तेथे आता पाटीही आहे. कौन्सिलमध्ये आम्हाला बरेच ऐकावे लागले. रविवारच्या मिस्साबलिदानानंतर पाच-दहा रुपयांपासून जे जमले त्यात तीनपैकी एकच शेड झाली. उरलेल्या दोन थांब्यांवर बाया अजून पाट्या जमिनीवर ठेवतात. एका फळीपायी आम्ही दोन थांबे घालवले असे काही सभासद म्हणतात, आणि त्यांच्या हिशेबात आम्हाला चूक सापडत नाही.

चित्र मात्र छान झाले. शेडच्या मागे पूर्वी बावखल होते, ते बुजवून आता तेथे इमारत उभी आहे. मुलाने भिंतीवर तेच बावखल काढले आहे, काठावर केळी, एक रहाट, आणि पाठमोऱ्या बसलेल्या बायांची रांग. चेहरा एकीचाही दिसत नाही; तरी ‘ही मीच’ असे सांगणाऱ्या किमान चारजणी आम्हाला भेटल्या आहेत. उद्घाटनाला कोणी पाहुणा बोलावला नाही. गेल्या पावसाळ्यात खालचा रंग पोपडे धरू लागला, आणि निवडणुकीत एका उमेदवाराने आपला हसरा चेहरा बरोबर रहाटावर चिकटवला. तो काढायला कातेकिझमची मुले गेली होती. उमेदवाराबरोबर रहाटाचा एक तुकडाही निघून आला.

परवा अंत्यविधीच्या कामासाठी आम्हाला पहाटेच मुंबईला जायचे होते. स्कूटर बिघडली होती म्हणून चालत फाट्यावर आलो. दोन्ही फळ्या भरलेल्या होत्या; एकीवर मेथी आणि मुळा, दुसरीवर ओल्या फडक्याखाली बोंबील. बस दिसताच आम्ही पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि फळीशी जाऊन उभे राहिलो. पहिल्या बाईने चुंबळ नीट केली, गुडघे किंचित वाकवले, पाटी पुढे ओढून डोक्यावर घेतली. मग दुसरीने. तिसरी वयाने मोठी होती. ती म्हणाली, ‘फादर, जरा बाजूला होता का?’ आम्ही बाजूला झालो.