साक्षीच्या आधी

आमच्या मंडळीतल्या पुरुषांना चारचौघांत बोलायचे दोनच प्रकार येतात, प्रवचन आणि साक्ष. प्रवचनात दुसऱ्याने कसं वागावं ते सांगायचं आणि साक्षीत आपण पूर्वी किती वाईट होतो ते. दारू होती, मारहाण होती, मग प्रभू भेटला आणि सगळं सुटलं. आमेन, टाळ्या, पुढचं गीत. साक्ष नेहमी भूतकाळात असते. ज्याची दारू अजून सुटलेली नाही, ज्याने बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्यात आणि तिला त्याचा पत्ता नाही, त्याने रविवारी उभं राहून काय बोलावं याचा नमुनाच आमच्याकडे नाही. माझं काम या माणसापाशी सुरू होतं. ‘ख्रिश्चन लाइफ कोचिंग’ हे त्याचं भारदस्त नाव. प्रत्यक्षात रात्रीची जेवणं उरकल्यावर हेडफोन लावून एकेका पुरुषाचं ऐकत बसायचं.

मी पाळक नाही. कंपनीच्या ट्रेनिंग विभागात नोकरी करताना हे शिकलो. मूळ कल्पना अशी, की समोरच्याला उत्तर द्यायचं नाही. प्रश्न विचारायचा आणि त्याचं त्यालाच ऐकू द्यायचं. टिमथी गॉलवे या टेनिस शिकवणाऱ्या अमेरिकनाने 1970च्या दशकात ती मांडली आणि पुढे व्यवस्थापनवाल्यांनी उचलली. शुभवर्तमान वाचलेल्याला मात्र ती नवी वाटू नये. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूने त्याला काय हवंय ते विचारलं. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडलेल्या, 38 वर्षं दुखणाईत असलेल्या माणसाला बरं व्हायचंय का, असं विचारलं. वरवर पाहता क्रूरच प्रश्न. त्या माणसाने ‘हो’ म्हटलंच नाही. मला कुणी पाण्यात सोडत नाही, अशी तक्रार केली. माझ्याकडची बरीच बोलणी तिथूनच सुरू होतात. साहेब असे, बायको तशी, आणि मंडळीच्या पंच कमिटीचं तर विचारूच नका.

हे ऑनलाइन कशाला, असं आमचे ज्येष्ठ विचारतात. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक जेमतेम 1 टक्का. त्यातही मराठी मंडळ्यांमध्ये नगर, जालना, सोलापूर, मिरज, कुठेही जा, सोयरीक निघतेच. पाळकबाई आपल्या मावसबहिणीची नणंद असतात. अशा ठिकाणी गुपित सांगणं म्हणजे ते गावजेवणात वाढणं. म्हणून लांबचा, अनोळखी कान बरा वाटतो. बहुतेक जण घरातून बोलतही नाहीत. कुणी पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून बसतो, कुणी गच्चीवर टाकीमागे, दुबईतला एखादा कॅम्पच्या जिन्यात. (तिकडे व्हॉट्सॲपवरून कॉल होत नाही, म्हणून झूम.) मी कॅमेरा बंद ठेवायला सांगतो. कॅमेरा चालू असला की पुरुष चेहराच सांभाळत बसतो.

पडद्याची एक मोठी अडचण मात्र आहे. समोरासमोर दोन माणसं गप्प बसू शकतात. फोनवर चार सेकंद शांतता झाली की लगेच, ‘हॅलो, ब्रदर, आवाज येतोय ना?’ आणि शांततेशिवाय तर हे काम होत नाही. माणूस खरं बोलतो ते पहिलं उत्तर संपल्यानंतर. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, मी बोललो नाही तर नेटवर्क गेलं असं समजू नका, मी इथेच आहे. दुसरी पळवाट प्रार्थनेची. गोष्ट हळव्या जागी आली की पलीकडून येतं, ‘चला ब्रदर, प्रार्थना करू या.’ डोळे मिटले की प्रश्नही मिटला. प्रार्थनेला माझा नकार नसतो, पण ती मी थोडी लांबवतो. आधी त्या बांगड्यांची रक्कम सांगा, मग आपण दोघं मिळून देवाला सांगू.

आत्मिक वाढ हवी म्हणून येणारा पुरुष सहसा तक्ता घेऊन येतो. पहाटे 4 ला उठायचं, वर्षात पूर्ण बायबल वाचायचं, शुक्रवारी उपवास. नोकरीत जे केलं तेच इथे, टार्गेट आणि रिव्ह्यू. मी तक्ता बाजूला ठेवून झोप किती होते ते विचारतो. तिन्ही पाळ्यांत फिरणारा माणूस पहाटे 4 ला उठून काय करणार? एलीयाची गोष्ट मला याच कामात नीट कळली. मरण मागून झुडपाखाली निजलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूत आधी भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. तू इथे काय करतोयस हा प्रश्न फार पुढे, होरेब डोंगरावर येतो. तोही दोनदा येतो, आणि एलीया दोन्ही वेळा तेच ठरलेलं भाषण करतो. आमच्यातले पुरुष तरी वेगळं काय करतात?

झोपेनंतर पैसा. यावर काहींचा आक्षेप असतो. आत्म्याचं बोलायला आलो आणि ईएमआय काय विचारता? त्यांना मी मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची हकिगत सांगतो. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी मेथडिस्टांच्या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायला प्रत्येकाने आठवड्याला 1 पेनी द्यायची आणि साधारण 12 जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करायची असं ठरलं. वसुलीला गेलेल्यांना घरातलं दिसलं. कोण पितो, कोण भांडतो. त्या वसुलीतूनच आठवड्याची बैठक जन्माला आली, आणि एकमेकांना ‘तुझं कसं चाललंय’ असं खरोखर विचारण्याची पद्धतही. मेथडिस्ट मंडळी या बैठकांवर उभी राहिली.

माझ्याकडचा सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. म्हणजे त्यांनी तो विचारला नाही, ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहून ठेवलं. त्यांचे पती, भक्तकवी रेव्हरंड टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. आम्ही टिळकांची भजनं गाऊन वाढलो. त्या पुस्तकात तोच भक्तकवी घरात कसा होता ते दिसतं. तापट, उदार, घरातलं उचलून दुसऱ्याला देणारा, न सांगता निघून जाणारा. आणि तरी प्रेम करण्याजोगा. मी विचारतो, तुमच्या बायकोने तुमच्यावर चार पानं लिहिली तर त्यांत काय असेल? पहिल्यांदा बहुतेक जण हसतात. मग लांब गप्प बसतात. मागे एकाने आठवडाभराने ती पानं स्वतःच लिहून आणली, बायकोच्या बाजूने, मोबाइलवर टाइप करून. त्यात बाप्तिस्मा, उपवास, कॉयर यांतलं काही नव्हतं. ‘हे घरात आले की मुलं टीव्हीचा आवाज कमी करतात,’ एवढं एक वाक्य होतं, बाकी किराणा आणि सासूबाई. त्या एका वाक्यावर आम्ही महिनाभर बोलत होतो.

हे बोलायला भाषा कुठून आणायची? ती मराठी ख्रिस्ती माणसाकडे दुहेरी आहे, फक्त तो वापरत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं ढिगाने आहेत. 13 व्या स्तोत्राचा कर्ता कुठवर, कुठवर असं चारदा विचारतो, तर 88 वं संपतं तेच अंधारात, शेवटी ‘पण प्रभूने सोडवलं’ असं काही नाही. आणि तुकोबा तर विठोबाशी भांडूनच बोलतात. टिळक म्हणत, की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग भांडण्याचं ते धैर्य आम्ही पुलाच्या अलीकडेच का टाकून आलो, मला कळत नाही.

काही गोष्टी मी हातात घेत नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणारा उपवास-प्रार्थनेत ‘आजपासून बंद’ म्हणाला की सभा आनंदते, मी घाबरतो. अशी एकदम सोडलेली दारू फिट आणू शकते, जिवावरही बेतू शकते. त्याला आधी डॉक्टर, मग मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र. जगण्यात अर्थ नाही असं कुणी म्हणालं तर मी कोच राहत नाही. त्याच्या घरातल्या माणसाला फोनवर घेतो, आणि सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांनाही देतो. पुरुषत्वाची गर्जना करायला शिकवणारे व्हिडिओही मी कुणाला पाठवत नाही. अमेरिकेत बिल मॅकार्टनी या फुटबॉल कोचने 1990 मध्ये ‘प्रॉमिस कीपर्स’ सुरू केलं, पुरुषांनी स्टेडियमं भरली, शपथा घेतल्या. असेल त्याचा उपयोग. स्टेडियममध्ये मुलांनी टीव्हीचा आवाज कमी केलेला ऐकू येत नाही, एवढंच.

माझी एक अट असते. काही महिन्यांत प्रत्येकाने आपल्या जवळचा एक माणूस शोधायचा, हाडामांसाचा, चहाला भेटता येईल असा, आणि मला सांगितलेलं त्याला सांगायचं. इथे बरेच जण गळतात. बांगड्यावाल्याने आधी बायकोला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी पावती मागितली. मग त्याने मेव्हण्याला गाठलं. मेव्हण्याने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा मोबाइल काढून दाखवला. त्याच्यावरही तीन लोन ॲपचं कर्ज होतं. दुसऱ्या दिवशी मला मेसेज आला, ‘ब्रदर, मेव्हण्याला तुमचा नंबर देऊ का?’ मी नको म्हणालो. तुमची दोघांची घरं दहा मिनिटांवर आहेत, दर शनिवारी एकमेकांचा हप्ता विचारायला जा.