रग्बीत काय मिळतं?

वाहबिझ भरुचा हे नाव आमच्या मंगळवेढ्यात घेतलं तर ‘कोण ही?’ असाच प्रश्न येईल. पुण्याची ही मुलगी शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट, आणि भारताच्या महिला रग्बी संघाची कर्णधार राहिलेली. सात-सात जणींचा, सात मिनिटांच्या दोन डावांचा ‘सेव्हन्स’ हा प्रकार आपल्या मुली आधीपासून खेळत होत्या. पण पंधरा जणींचं, ऐंशी मिनिटांचं पूर्ण रग्बी युनियन भारताचा महिला संघ आंतरराष्ट्रीय पातळीवर पहिल्यांदा खेळला तो २०१८ साली, सिंगापूरमध्ये. यजमानांनी आपल्याला ३०-५ असं हरवलं. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, मनिलात त्याच सिंगापूरला आपण २१-१९ असं हरवलं. सामना संपत आलेला, आपण एका गुणाने मागे, आणि ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टीची किक मारून तीन गुण आणले. पंधरा जणींच्या रग्बीतला भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय.

हे सगळं मी वाचून काढलं ते पुतणीमुळे. ती नववीत आहे, शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. तिची पकड बघून खेळाच्या सरांनी सुचवलं, की शालेय स्पर्धांमध्ये रग्बीही असते, सोलापूरला निवड चाचणी आहे, जाऊन बघ. भावाने एकच विचारलं, “त्यात काय मिळतं?” मी शाळेत कबड्डी खेळलेली, म्हणून उत्तर द्यायचं काम आत्याकडे आलं.

खेळ समजावणं सोपं गेलं. कबड्डी पाहिलेल्या माणसाला पकड कळते. रग्बीतही ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच धरून पाडायचं. पण हात खांद्याच्या वर गेलेला चालत नाही, आणि पाडल्यावर लगेच सोडून द्यायचं. जी पडली तिनेही चेंडू कवटाळून बसायचं नाही, मागून येणाऱ्या मैत्रिणींसाठी तो मोकळा करायचा. हाताने चेंडू पुढे देता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. त्यामुळे जी पुढे धावते तिला मागच्यांचं भान ठेवावंच लागतं. भाऊ म्हणाला, “म्हणजे कबड्डीच, चेंडू घेऊन.” मी म्हटलं, “तसंच समज.”

‘काय मिळतं’ याचं उत्तर मात्र अवघड. इंग्लंडने २०१९ च्या सुरुवातीला आपल्या २८ महिला खेळाडूंना पूर्णवेळ पगारी करार दिले. त्याच वर्षी आपण पहिला सामना जिंकत होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला ८१,८८५ माणसं आली. इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असं हरवलं. ते जग पाहून इथल्या मुलीला स्वप्न दाखवणं बरोबर नाही. इथे खेळाच्या जोडीला पोटापाण्याचं काहीतरी हातात असावं लागतं.

भावाचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. तो कोरडवाहू ज्वारी करतो. परतीचा पाऊस झाला तर पीक, नाही तर कडबासुद्धा नाही. अशा माणसाने प्रत्येक गोष्टीत काय मिळतं ते विचारायचं नाही, तर कुणी विचारायचं? फक्त त्याच घरातला मुलगा रोज संध्याकाळी क्रिकेट खेळतो आणि त्याला हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.

खरी भीती दुसरीच होती, ती दोन दिवसांनी बाहेर आली. “दात पडला, नाक फुटलं, गुडघा गेला, तर पुढं तिचं कसं व्हायचं?” ‘पुढं’ म्हणजे लग्न. मला कबड्डी सोडावी लागली तेव्हाही घरात हाच ‘पुढं’ होता. कान्होपात्रा आमच्या मंगळवेढ्याची. तिच्या देहाचं काय व्हायचं ते दुसरेच ठरवायला निघाले, तेव्हा तिने पंढरपूर गाठलं, अशी कथा इथलं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. आम्ही तिला हात जोडतो, आणि घरातल्या मुलीच्या गुडघ्याचा हिशोब मात्र तिच्या सासरच्या नावावर मांडतो.

दुखापत होते, हे मी लपवलं नाही. रग्बीत ती होतेच, म्हणून नव्या मुलीला आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, पडताना हात ताठ टेकवायचा नाही. पकड करताना डोकं समोरचीच्या अंगामागे, तिच्या वाटेत नाही. आम्हा मुलींना लहानपणापासून ‘पडशील’ एवढंच सांगितलं गेलं. पडायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही. वाहबिझबद्दल वाचताना मला हेच भावलं. शरीर कुठे दुखावतं आणि कसं भरून येतं हे जिचं शिक्षणच आहे, ती बाई सगळं माहीत असूनही मैदानात उतरत राहिली. ते तिचं तिने ठरवलेलं होतं.

तेव्हा भावाला मी सांगितलं ते एवढंच. पगाराचं मी सांगू शकत नाही. दहावीला वाढीव गुण मिळाले तर मिळाले. पण आपल्या अंगाला काय झेपतं हे तिला स्वतःला कळेल. ते दुसऱ्या कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

तो काही बोलला नाही. वहिनी भाकरी थापता थापता ऐकत होती. तिने हात धुतले, पुतणीकडून संमतीचा कागद मागून घेतला आणि विचारलं, “पालकाची सही म्हणजे आईची चालते ना?”