वाहक

दीपनगरच्या वसाहतीतून स्वच्छ हवेच्या दिवशी तापीपलीकडची सातपुड्याची रांग दिसते. तिच्या पायथ्याशी यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत भिल्ल आणि पावरा समाजांचे पाडे आहेत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तेथील अनेक घरांना ठाऊक आहे. वसाहतीत मात्र 'असला दुर्मिळ आजार आपल्याकडे कुठला?' असे म्हणणारेच अधिक भेटतात. 'दुर्मिळ' हे विशेषण रोगाच्या प्रमाणाइतकेच बोलणाऱ्याचे त्या रोगापासूनचे अंतरही सांगते.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. मूळ कारण एवढेच, की हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानावरचे अमिनो आम्ल बदललेले असते. एका वर्णाने शब्दाचा अर्थ पालटावा, तसेच हे. असे जनुक आई-वडील दोघांकडून आले तर मूल 'ग्रस्त' होते. एकाकडूनच आले तर 'वाहक'. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी बाळ ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक असण्याची ५० टक्के असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही. उलट हिवतापाच्या गंभीर रूपापासून त्याला काहीसे संरक्षण लाभते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला खटकतो तो 'वाहक' हा शब्द. एस.टी.त वाहक म्हणजे तिकीट देणारा. आरोग्याच्या फलकांवर डास हा रोगाचा वाहक. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात रोग पसरवणाऱ्या माणसाचे चित्र उभे राहते. एकदा संपर्क सत्र संपल्यावर पायथ्याच्या गावाहून येणारी एक विद्यार्थिनी थांबली. तिचा धाकटा भाऊ ग्रस्त, ती स्वतः वाहक. "सर, बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, हिच्यामुळे घरात कुणाला लागण होईल का? मी नाही म्हटलं, पण कार्डावर तर 'वाहक' लिहिलंय." ते स्थळ पुढे सरकले नाही. याच घराने संशोधकांना रक्ताचे नमुने दिले होते, तीन पिढ्यांची माहिती सांगितली होती. 'आपल्या पोराला नाही, तर कुणाच्या तरी पोराला उपयोग होईल,' असे तिची आई म्हणाली होती.

सिकलसेलचे सारे ज्ञान अशाच घरांच्या देण्यावर उभे आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिन वेगळे असल्याचे दाखवले, तेव्हा एखाद्या आजाराचे मूळ प्रथमच रेणूपर्यंत पोहोचले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये या आजाराची नोंद झाली. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत दीर्घकाळ काम करणारे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. त्याच वर्षी १ जुलैला, २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवणारे राष्ट्रीय अभियान सुरू झाले.

ज्यांनी रक्त दिले, त्यांच्यापर्यंत तो महागडा उपचार नजीकच्या काळात पोहोचेल, अशी आशा धरणे कठीण. वेदनेचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सीयुरिया मात्र आवाक्यात आहे. त्याहून आवाक्यात आहे ते समजेल असे बोलणे. संमतिपत्रावर 'मला सर्व समजले आहे' हे वाक्य प्रमाण मराठीत असते आणि त्याखाली अंगठा उठवणारी आजी पावरी बोलत असते. तिला काय समजले, हे विचारल्याखेरीज ती संमती पुरी होत नाही.

'वाहक'ऐवजी नवा संस्कृत शब्द घडवून हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. एका शब्दाच्या जागी एक वाक्य हवे: 'या व्यक्तीला आजार नाही, तिच्यापासून कुणाला लागण होत नाही; जोडीदाराची तपासणी मात्र करून घ्यावी.' हे वाक्य कार्डावर मराठीत, पावरीत, भिलीत, अहिराणीत छापता येईल. मराठी घेऊन पदवीधर होणाऱ्यांपैकी कुणी शिक्षक होईल, कुणी आरोग्यसेवक. शास्त्रज्ञाला न जमणारे हे काम त्यांना जमण्याजोगे आहे.