नळीवरचे नाव

दसऱ्याच्या दिवशी भंडारा जिल्ह्यातील जुन्या मालगुजारी वाड्यांत पाटावर शस्त्रे मांडली जातात. एखादी गंजलेली तलवार, विळा, नांगराचा फाळ, आणि ज्या घरी परवाना आहे तिथे बंदूक. तिच्या दस्त्याला हळदकुंकू लागते, नळीवर झेंडूचे फूल ठेवले जाते आणि संध्याकाळी ती पुन्हा कपाटात जाते. गेली दहा-बारा वर्षे सोने द्यायच्या निमित्ताने आम्ही दोघे अशा घरांत जातो. चहा झाला की घरधन्याची परवानगी घ्यायची, बंदूक रिकामी असल्याची त्यांच्याकडून खात्री करून घ्यायची आणि तिच्यावर कोरलेली अक्षरे वहीत उतरवून घ्यायची, एवढाच आमचा छंद. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. पोथीची पुष्पिका वाचायची सवय आम्हांला लागलेली आहे. तीच सवय इथे कामी येते.

बंदुकांचा संग्रह करणे आपल्याकडे सहज शक्य नाही आणि ते बरेच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये परवान्याची अट आहे, निवडणूक जाहीर झाली की परवान्यावरच्या बंदुका बहुधा ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच निकालात निघाला. म्हणून आम्ही बंदुका जमवत नाही, त्यांच्यावरची नावे जमवतो. हा छंद लागला तो मात्र घरातल्याच एका बंदुकीमुळे.

आमच्यापैकी एकीचे माहेर लाखनी तालुक्यातल्या एका माजी मालगुजाराच्या घरातले. मालगुजारी १९५१ साली संपली, वाड्याची एक बाजू पडली, तलाव सरकारकडे गेला. पण बाबांच्या कपाटात तीन बंदुका राहिल्या. त्यांतली मानाची होती ती बारा बोअरची दुनळी. तिच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर इंग्रजीत ‘आर्मी अँड नेव्ही’ आणि पुढे ‘सी. एस. एल.’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. घरातली कथा अशी, की छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, बाबांच्या आजोबांनी कोठारे उघडून धान वाटले, त्यावर खूश होऊन एका इंग्रज साहेबाने आपल्या पलटणीतली ही बंदूक त्यांना बक्षीस दिली. पलटणीची म्हणूनच तिच्यावर आर्मीचेही नाव आणि नेव्हीचेही. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला जावयाला ही कथा सांगितली गेली तेव्हा बाबांनी ती उभ्यानेच सांगितली होती.

त्या शेवटच्या तीन अक्षरांनी आम्हांला बरीच वर्षे छळले. उलगडा झाला तेव्हा आम्ही आधी हसलो. सी. एस. एल. म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. फौजेतल्या आणि आरमारातल्या काही अधिकाऱ्यांनी १८७१ साली लंडनमध्ये स्वस्त आणि खात्रीचा माल मिळावा म्हणून काढलेली ही सहकारी संस्था. म्हणजे आपल्या भाषेत ग्राहक भांडार. तिची मुंबईची शाखा १८९१ मध्ये निघाली, कलकत्त्याची १९०१ मध्ये. मुंबईत काळा घोड्याजवळ तिची इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. संस्थेच्या १९०७ सालच्या मालसूचीचे पुनर्मुद्रण १९६९ मध्ये निघाले. हजाराहून अधिक पानांच्या त्या जाडजूड पुस्तकात साहेबाच्या संसाराला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू किमतीसह आहे, आणि त्यांत बंदुकाही आहेत. ज्या नावापुढे तीन पिढ्या हात जोडत आल्या ते नाव पलटणीचे नव्हते, दुकानाचे होते.

बरे, दुकानाने ती बनवलीही नव्हती. संस्थेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बंदुका बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून येत, पुष्कळशा वेब्ली अँड स्कॉट या कंपनीकडून. बनवणाऱ्याने घडवायची, विकणाऱ्याने नाव घालायचे, हा त्या व्यापाराचा सर्रास रिवाज. कलकत्त्याच्या मँटन अँड कंपनीचे नाव आमच्या वहीत सर्वांत जास्त वेळा आले आहे. त्यामागे लंडनच्या जोसेफ मँटन या थोर कारागिराच्या घराण्याची पुण्याई. जोसेफचे १८२६ मध्ये दिवाळे निघाले आणि १८३५ मध्ये तो वारला. कलकत्त्यात मात्र ते नाव विसाव्या शतकातही बंदुका विकत राहिले, आणि त्या बंदुका घडत होत्या बर्मिंगहॅममध्ये. २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी कलकत्त्यात पन्नास पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे पळवली. ती पिस्तुले जर्मनीतल्या माउझर कारखान्याची होती, पण इतिहासात तो प्रसंग माल मागवणाऱ्या रॉडा कंपनीच्या नावाने नोंदला गेला.

अमेरिकेत हा प्रकार आणखी सरळ होता. सिअर्स रोबक या टपालाने माल पाठवणाऱ्या प्रचंड दुकानाच्या बंदुकांवर ‘जे. सी. हिगिन्स’ असे नाव असे. हा हिगिन्स बंदूक घडवणारा नव्हता, त्याच दुकानातला हिशेबनीस होता. पुढे टेड विल्यम्स या बेसबॉलपटूचे नाव आले. माँटगोमेरी वॉर्ड या दुसऱ्या दुकानाचा छाप ‘वेस्टर्न फील्ड’. आतला माल हाय स्टँडर्ड, मार्लिन, सॅव्हेज, मॉसबर्ग अशा कंपन्यांचा. या जुन्या दुकानी बंदुका जमवणारे हौशी लोक तिथे पुष्कळ आहेत. नावाजलेल्या छापाचाच माल साध्या नावाखाली कमी किमतीत मिळतो हा त्यांचा एक आनंद, आणि कोणत्या क्रमांकाची बंदूक मुळात कोणत्या कारखान्याची याचे कोष्टक जुळवणे हा दुसरा. पहिला आनंद आमच्या वाट्याचा नाही. दुसरा मात्र आम्हांला चांगलाच ओळखीचा वाटला.

मराठीच्या अध्यापकाला हा प्रश्न नवा नाही. अभंगाच्या शेवटी ‘नामा’ आला म्हणजे तो नामदेवांचा, असे समजून आपण कितीतरी काळ वाचत आलो. मग अभ्यासकांनी दाखवले की सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली आहे. नाममुद्रा म्हणजे कर्तृत्वाचा पुरावा नव्हे. तिच्या आत भाषा कोणत्या काळाची आहे, हे पाहावे लागते. हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. तेव्हा घरच्या बंदुकीलाही हाच न्याय लावणे भाग होते.

बंदुकीचा अंतर्गत पुरावा तिच्या पोटाखाली असतो. नळीखालचा लाकडी भाग उतरवून नळ्या वेगळ्या केल्या की त्यांच्या सपाट बुडावर बारीक ठसे दिसतात. बर्मिंगहॅमला १८१३ च्या कायद्याने एक परीक्षागृह स्थापन झाले. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त भार भरून बार काढत आणि ती टिकली तरच शिक्का मारत. जुन्या शिक्क्यात मुकुटाखाली दोन राजदंड एकमेकांवर तिरपे ठेवलेले असत. १९०४ पासून शिक्के बदलले: मुकुटाखाली ‘बी. पी.’ आणि ‘बी. व्ही.’, आणि बिनधुराच्या दारूवर परीक्षा झाली असेल तर ‘एन. पी.’. दुसरे टोक दुकानाच्या नावात आहे. संस्थेने १९३४ मध्ये ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ हे शब्द टाकून ‘स्टोअर्स’ असे नाव घेतले. म्हणजे आधी राजदंड की अक्षरे ते पाहायचे, मग पट्टीवरचे नाव पाहायचे.

एका उन्हाळ्याच्या सुटीत बाबा दुपारी झोपले असताना आम्ही ओसरीवर बसून भिंगातून ते ठसे पाहिले. मुकुट होता. त्याखाली राजदंड नव्हते, अक्षरे होती. ही नळी १९०४ च्या आधी परीक्षागृहातून बाहेर पडलेलीच नव्हती. छप्पन्नच्या दुष्काळात साहेबाने ती बक्षीस देणे शक्य नव्हते.

त्या ठशांच्या शेजारी, लाकडाने कायम झाकल्या जाणाऱ्या जागी, आणखी दोन लहान अक्षरे होती. ती सरळ रेषेतही नव्हती. घडवणारे कारीगर आपल्या कामाची खूण म्हणून नावाची आद्याक्षरे अशी ठोकून ठेवत. विकणाऱ्याचे नाव वर, सोनेरी उन्हात दिसेल असे. करणाऱ्याचे खाली, बंदूक उघडणाऱ्यालाच दिसेल असे. आम्ही ती अक्षरे वहीत उतरवून घेतली आणि बराच वेळ काही बोललो नाही.

बाबांना सांगायचे की नाही, यावर आमचे एकमत होईना. जावयाचे म्हणणे, ऐंशीच्या घरातल्या माणसाकडून त्याची कथा काढून घेण्याचा आपल्याला काय अधिकार? लेकीचे म्हणणे, आपण विद्यार्थ्यांना पाठशुद्धी शिकवतो आणि घरात प्रक्षेप चालू देतो, हे कसे? शेवटी रात्री जेवणे झाल्यावर लेकीनेच सांगितले. बाबांनी भिंग मागितले, स्वतः पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग म्हणाले, “म्हंजे साहेबानं देल्ली नाही. इकत घेतली.” थोडे थांबून म्हणाले, “मंग तं आमचीच झाली ना!”

आम्हांला वाटले होते त्यांचे काही हरवेल. त्यांना मात्र बक्षिसापेक्षा खरेदी जवळची वाटली. आमच्या मनात मात्र पुढचा प्रश्न आला: विकत घेतली ती कोणाच्या पैशाने? ओसरीच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. जमिनीवर वाघ, त्याच्या पाठीवर टेकवलेली दुनळी, खुर्चीवर साहेब, शेजारी बाबांचे आजोबा. खाली दोघांची नावे सुबक अक्षरांत. मागे पाच माणसे हातांत काठ्या घेऊन उभी आहेत. ते हाकेकरी, गावातले गोंड आणि ढिवर. मचाणावरच्याने बार काढायचा, पण वाघाला त्याच्यापर्यंत आणायचे यांनी, पायी, डफ आणि डबे वाजवत. यांनीच तलावाखालची बांधी कसायची, आणि साऱ्यातून बंदुकीची किंमत द्यायचीही यांनीच. त्यांची नावे फोटोखाली नाहीत. आम्ही विचारली तेव्हा बाबांना त्यांतली दोन आठवली. ती आम्ही त्याच वहीत, त्या दोन अक्षरांच्या खाली लिहिली.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. आमच्या आयांच्या लग्नातल्या घागरींवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, तिथी, सगळे ठोक्याठोक्यांनी घातलेले आहे. ठोकणाऱ्या कासाराचे नाव त्यांतल्या एकाही भांड्यावर नाही. याच जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तिथली दारू देशभरच्या तोफांत जाते. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले, तेव्हा कुठे त्यांची नावे छापून आली. एरवी मालावर क्रमांक असतो.

बाबांच्या कपाटातली दुसरी बंदूक कलकत्त्याची मँटन, एकनळी. तिसरी ठासणीची, गावच्या लोहाराने घडवलेली. तिच्यावर ना नाव, ना शिक्का. धान भरायला आले की रानडुकरांना हुसकावण्यासाठी तिचे नुसते दारूचे बार काढत. दसऱ्याच्या पाटावर ती नेहमी कडेला असे आणि तिला कुंकवाचे एकच बोट लागे.

डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. एका परवानाधारकाजवळ तीनऐवजी दोनच बंदुका राहतील, वरची एक वर्षाच्या आत जमा करायची. ते वर्ष नेमके करोनाचे. बाबा घराबाहेर पडत नव्हते, आणि मुदत १३ डिसेंबर २०२० ला संपत होती. कोणती जाणार याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. दिवाळीनंतर आम्ही गेलो तेव्हा ठासणीची बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून दाराशी ठेवावी म्हणून ती आम्हीच कपाटातून काढली.

बाबांनी ती आमच्या हातून घेतली आणि परत आत ठेवली. मँटन काढून लुगड्यावर ठेवली. जावयाने न राहवून म्हटले, “बाबा, मँटन आहे ती. मोठे नाव आहे.”

“तेच तं म्हनतो, जावईबापू,” बाबा म्हणाले. “नाववाली बंदूक कुठंई गेली तरी लोक तिले ओरखतीन. हिले कोन ओरखल?”

मँटन नागपूरच्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली. पावतीवर छापाच्या रकान्यात तिचे नाव लिहिलेले आहे. या दसऱ्याला आम्ही पाहिले, पाटावर दोनच बंदुका होत्या आणि दोन्ही मधोमध होत्या. ठासणीच्या बंदुकीची नोंद आमच्या वहीत आजवर नव्हती, कारण उतरवून घ्यायला तिच्यावर काही नव्हते. आता तिच्यासाठी एक पान घातले आहे. लोहाराच्या घरचे कोणी गावात आहे का, ते बाबा विचारून ठेवणार आहेत.